लोटाच्या बायकोचं मीठ

मेलेल्या माणसांची वकिली करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो नेमका अकोल्यात आमच्या घराला लागून राहायचा. आमचे तेलीआबा कोकणातले यहुदी. विलायतेला आमच्या कापसाचं वेड लागलं, त्या दिवसांत पोटामागे इकडे आले आणि बोलायलाही आमच्यासारखेच लागले. शनिवारी घाणा बंद, बैलालासुद्धा सुट्टी. एरवी घाण्यावर बसून ते आपल्या धर्मग्रंथातल्या जुन्या मंडळींची बाजू मांडत, आणि समोर वादाला बाजारातले एक ख्रिस्ती उपदेशक. जलप्रलयात जनावरांसह नावेत राहिलेला नोहा बाहेर येऊन दारू प्यायला, असं उपदेशक म्हणाले की आबा उसळत, "तितके दिवस जनावराइच्या वासात राहून पाहा बाप्पा, मंग बोला!" दावीद राजानं दुसऱ्याची बायको आणली; उपदेशकांच्या मते त्यानं पाप केलं, पण रडला म्हणून माफी मिळाली. "आमचे जाणते म्हंतात, त्यानं पाप केलंच नाई," आबा म्हणत, आणि दावीद पलीकडच्या गल्लीतून ऐकत असावा तसा आवाज बारीक करत.

एक खोड मात्र अंगावर काटा आणायची. आबा मागे वळून कधीच पाहत नसत. हाक मारली तरी तसेच पुढे चालत उत्तर देत. संध्याकाळी बाजारातून परतताना मी त्यांच्या मागेच असे. ते कुणाला तरी म्हणत, "दमली का? आलंच घर." मला नव्हे हो! आमच्या दोघांच्या मधे, रस्त्यावर सांडलेले कापसाचे पुंजके कुणी चालल्यासारखे उडत. घरी आले की आबा धर्मग्रंथातल्या लोटाच्या बायकोच्या नावानं उंबऱ्यावर चिमूटभर मीठ ठेवत. सकाळी ते नसे. आता मीठ काही मुंग्या नेत नाहीत.

लोटाचं कुटुंब जळतं गाव सोडून निघालं, तेव्हा मागे पाहू नका असा देवाचा हुकूम होता. बायकोनं पाहिलं आणि ती मिठाचा खांब झाली. उपदेशक म्हणत, तिचा जीव संसारात अडकला होता. एकदा मुंबईहून आलेले आबांचेच धर्मगुरू म्हणाले, पाहुण्यांना मीठ द्यायला कुरकुरली, म्हणून मीठच झाली. आबा दोघांवरही भडकले. "तिच्या लेकी मांगं राह्यल्या होत्या! त्या येऊन राह्यल्या का, थेच पाहात होती थे माय!" आणि ढसाढसा रडले. आबा आधी बार्शीटाकळीला राहत. तिथे पटकीची साथ आली तेव्हा त्यांची लेक गावातच सासरी आजारी होती. जीव वाचवायला आबांची गाडी गावाबाहेर निघाली. "मांगं पाहू नको," आबा बायकोला म्हणाले. तिनं पाहिलं, उडी टाकली आणि लेकीकडे गेली. दोघी परत आल्या नाहीत.

"लोटाची बायको पापी असंन, तं माही बी पापी," आबा म्हणाले. "अन् मी? मी तं पाह्यलंच नाई!"

उपदेशकांनी पुस्तक मिटलं. "ती का वळली हे लिहिलेलं नाही, आबा. तुम्ही म्हणता तसंच असेल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, तिन्हीसांजेला, घाणा फिरता फिरता थांबला. मी कुंपणावरून पाहिलं. आबांनी सावकाश मान मागे वळवली होती. "आली का?" ते म्हणाले. "अन् पोरगी बी?" मी धावत गेलो, तोवर संपलं होतं. दाढीत कापूस अडकलेला, चेहरा हसरा, मान तशीच मागे. मला फार फार वाईट वाटलं.

उपदेशकांनी त्या संध्याकाळी आपल्या हातानं उंबऱ्यावर मीठ ठेवलं. सकाळी आम्ही दोघांनी जाऊन पाहिलं. मीठ तसंच होतं.