कुंडलच्या सायकलचा ब्रेक

"सायकल आम्ही घेत नाही," देसाई साहेब म्हणाले. ते आमचे वर्कशॉप मॅनेजर. विश्रामबागेतलं आमचं सर्व्हिस सेंटर मोटारसायकलींचं, त्यामुळे त्यांचं बरोबरच होतं. पण समोर उभे असलेले कुंडल गावचे रिटायर्ड हवालदार पवार हलायला तयार नव्हते.

"साहेब, सकाळधरनं साऱ्या सांगलीत फिरलो. सायकलवालं म्हणत्यात ह्यो मोटारसायकलचा ब्रेक हाय. तुमी म्हणताय ही सायकल हाय. मग आमी जायाचं कुठं?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "काय हो इंजिनिअर, जमेल?"

"जमेल," मी म्हणालो.

खरं तर सायकलला डिस्क ब्रेक मी त्या शुक्रवारी पहिल्यांदाच बघत होतो. पण आमच्या घराण्यात कॉलेज बघितलेला पहिला माणूस मी. मेकॅनिकलचा बी.ई. जमणार नाही असं म्हणायची मला सवय नव्हती, आणि ती लावून घ्यायची इच्छाही नव्हती.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मोटारसायकलींनाही डिस्क ब्रेक नुकते कुठे यायला लागले होते. डिस्क म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली पातळ पोलादी थाळी. तिच्या दोन्ही अंगांना कॅलिपर नावाच्या खोक्यात एकेक पॅड असतं. ब्रेक दाबला की नळीतलं ऑइल पॅडना पुढं ढकलतं आणि ती थाळीला चिमटा काढतात. सोडला की केसभर मागं सरकतात. या सायकलच्या पुढच्या चाकाला मात्र एक पॅड कायमचं चिकटलेलं. चाक हातानं फिरवलं की खर्र खर्र करत दोन फेऱ्यांत थांबायचं.

सायकल हवालदारांच्या मुलीची, शैलाची. ती त्यांच्या मागंच उभी होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा मामा बोटीवर नोकरीला. त्यानं परदेशातून ही माउंटन बाईक भाचीसाठी पेटीत घालून आणली होती. रविवारी साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात निवड चाचणी होती. पहिल्या तिघी पुढच्या कॅम्पला जाणार.

"सपाटीला येवढं कळत न्हाई," शैला म्हणाली. "चढाला मागनं कुणीतरी धरून ठेवल्यागत होतंय."

"आणि दुसरी सायकल?"

"हाय की. बिनगिअरची. तिच्यावर घाट चढायचा म्हंजे मी आपली टाळ्या वाजवायलाच जाते."

मी कामाला लागलो. शिकलेला माणूस आधी माप घेतो. डिस्क वाकडी असेल असं गृहीत धरून मी डायल गेज लावला. काटा कुठं किती हलतो यावरून थाळी कितपत डुलते ते या यंत्रावर कळतं. तासभर मोजलं. डिस्क सरळ. मग कॅलिपर तिरका बसला असेल म्हणून त्याचे दोन बोल्ट सैल केले, हलवून पुन्हा आवळले. खर्र खर्र. चाकाचा एक्सल तपासला. तोही ठीक. जेवणाची सुट्टी झाली तरी मी तिथंच.

साहेब डबा खाऊन परत आले. "काय, कुठवर आलं?"

"डिस्कमध्ये फॉल्ट नाही, सर."

"कशात नाही ते नका सांगू."

शेवटी चाक उतरवलं आणि टॉर्च घेऊन कॅलिपरच्या आत बघितलं. एका पॅडच्या कडेला खोल ओरखडा होता. कोऱ्या सायकलच्या पॅडला ओरखडा?

"हवालदार, ह्यात कुणी काय घातलं होतं का?"

हवालदार भिंतीकडं बघायला लागले.

"सांगा की आबा," शैला म्हणाली.

"आवं, पेटी उघडली तवा चाकं येगळी हुती," हवालदार हळू आवाजात म्हणाले. "सांगाडा सोप्यात उभा केला. गाव बघाय आलं. आता नवी गाडी म्हंजे ब्रेक दाबल्याबगर बघितल्यागत वाटतंय व्हय? सरपंचांनी दाबला. भावकीनं दाबला. दोन दिस दाबतच हुती मानसं. मग चाक बसवाय गेलो तर फट मिटलेली. म्हटलं जाम झालंय. खुरपं घातलं आन उचकाटलं."

मी खाली बसून हसलो. मला हसायचा हक्क होता. माझी स्कूटर गावी गेली तेव्हा आमच्या सख्ख्या चुलत्यांनी तिचा क्लच असाच तपासला होता.

आता सगळं उलगडलं. पॅड झिजतं तसं त्याच्यामागचं पिस्टन, म्हणजे ऑइलनं सरकणारा दट्ट्या, आपोआप थोडं पुढं येतं, म्हणजे चिमटा ढिला पडत नाही. पण मध्ये डिस्कच नसेल तर प्रत्येक दाबाला पिस्टन पुढंच येत राहतं. अख्ख्या कुंडलनं दाबल्यावर दोन्ही पॅड एकमेकांना भिडली. खुरप्यानं त्यातलं एकच मागं गेलं, दुसरं तिथंच राहिलं.

उपाय पंधरा मिनिटांचा निघाला. पॅड काढली. कापड गुंडाळलेल्या पान्यानं दोन्ही पिस्टन हळूहळू पार आत ढकलली. ओरखडा पॉलिश पेपरनं घासला, पॅड बसवली, चाक चढवलं. कॅलिपरचे बोल्ट सैल ठेवून ब्रेक दाबून धरला, म्हणजे कॅलिपर आपणच डिस्कच्या मधोमध येतो, आणि तसाच धरून बोल्ट आवळले. चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं, आवाज न करता. शैलानं मोजल्या, एकवीस फेऱ्या.

"साताऱ्याला नेताना जीपच्या टपावर टाकायला चाक काढाल," मी हवालदारांना बजावलं, "तवा फटीत ही पुठ्ठ्याची घडी घालायची. आन ब्रेकला कुणाचा हात लागता कामा नये."

"कोन लावतंय बघतोच," ते म्हणाले.

सोमवारी दोघं पुन्हा वर्कशॉपात हजर. शैला तिसरी आली होती. चौथीला शेवटच्या वळणावर मागं टाकलं म्हणे.

"साताऱ्यात बी लय गर्दी झाली सायकल बघाय," हवालदार सांगत होते. "एका पंचानं हात पुढं केला. म्हटलं, साहेब, लांबनं."

"त्यो चीफ रेफरी हुता," शैला म्हणाली. "ब्रेक तपासणं त्याचं कामच हुतं. मी मधी पडले म्हनून एन्ट्री र्‍हायली."

त्यानंतरच्या नोकरीत मी डायल गेज पुष्कळदा वापरला. पण गाडी आली की जॉब कार्डावर आधी एक ओळ लिहून घ्यायचो: इथं आणण्याआधी हिला कुणाकुणाचा हात लागलाय? निम्म्या तक्रारी तिथंच मिटायच्या.