सुकेळी आणि कॉस्टिंगची वही

माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडून, सेलिनाकडून, दर उन्हाळ्यात सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, येतात. केळीच्या वाळक्या पानाची गुंडाळी सोडली, की त्या गोड, किंचित आंबूस वासासरशी मला तिच्या नंदाखाल गावातल्या घराची गच्ची दिसते आणि घास उतरत नाही.

बी.कॉम.चं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेसाठी आम्ही दोघींनी विषय वाटून घेतले होते. टॅक्स आणि ऑडिटच्या नोट्स तिने काढायच्या, कॉस्टिंग आणि अर्थशास्त्राच्या मी. गच्चीवर सोललेली राजेळी केळी चटयांवर वाळत असायची. ती केळी उलटत जायची आणि मी शेजारी वही धरून बसायचे, कारण तिच्या चिकट बोटांनी माझी पानं खराब झालेली तिला चालायची नाहीत.

"कॉस्टिंगचं पुस्तक मी उघडलंच नाय गं," ती म्हणाली. "तुझ्या वहीत सगळं आहे ना?"

"सगळं आहे," मी म्हणाले.

ती सुकेळ्यांसाठी घरी राहिली, त्या दिवशी सरांनी एक प्रकरण हमखास येणार म्हणून सांगितलं होतं. ते मी वहीत उतरवलंच नव्हतं. चाचणी परीक्षेत ती माझ्या पुढे गेली होती, एवढंच कारण. तेव्हा मी त्याला हुशारी समजत होते.

एकट्या कॉस्टिंगमध्ये ती नापास झाली. निकालाच्या दिवशी मलाच समजावत म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नको. मीच नीट वाचलं नसणार."

निदान गप्प तरी बसायचं. मी म्हणाले, "पुढच्या वेळी नीट वाच."