डोमाजीबापूंचा उरलेला एक फोटो

डोमाजीबापू फोटो काढण्याआधी माणसाच्या नाकाला दोरी लावत. दोरीला फुटाफुटावर गाठी होत्या. एक टोक समोरच्याच्या नाकाच्या शेंड्याला, दुसरं कॅमेऱ्याला. मध्ये किती गाठी येतात ते मोजायचं आणि भिंगाभोवतीचं कडं फिरवून तोच आकडा आणायचा. गोंदियाकडच्या सौंदडला मी नवी होते तेव्हा बापूंना एका उपवर मुलीच्या नाकाला दोरी लावताना पाहिलं आणि मला वाटलं, इकडे मुलगी पसंत करायची ही रीतच असेल, नाक मोजत असतील. मी घाबरून आत निघून गेले.

मी माणदेशातली. चौथीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमागोमाग या मुलखात आले. आमच्याकडे घागरभर पाण्यासाठी कोसभर चालायचं, आणि इथे जिकडे बघावं तिकडे तलाव. बापू आमचे घरमालक. त्यांच्या वाडवडिलांनी गावोगावचे तलाव बांधलेले. तरुणपणी तलावांची मोजणी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाची जमीन मोजायची साखळी बापूंनी वाहिली होती. साहेब विलायतेला परत जाताना आपला घडीचा कॅमेरा त्यांना देऊन गेला. कसा वापरायचा ते मात्र धड सांगितलं नाही. बापू म्हणत, "साहेबानं गाय देली, दोहाचं नाही सांगितलं. मीच लाथा खाऊन शिकलो."

मला ते का शिकवायला लागले, ते मला तेव्हाही समजलं नाही. मी नुसती उभी राहून बघत असे, एवढाच माझा अपराध. मला आकड्यांचीच भीती. भिंगामागचं उजेड आत घेणारं भोक मोठं हवं तर आकडा लहान, भोक लहान हवं तर आकडा मोठा, हे उलटं का, असं मी विचारलं. बापू म्हणाले, तेही त्या साहेबालाच ठाऊक. मग त्यांनी समोरच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या वाफ्याकडे, बोट केलं. "बांधी भराची आहे ना? मोरी मोठी उघड अन् लवकर बुजव. नाही तं लहान उघड अन् वेळ दे. पाणी तेवढंच जाते. उजेड म्हणजे पाणीच आहे, पोरी." पाण्याचं गणित मला कळलं. आकडे मात्र उलटेच राहिले.

कॅमेऱ्याला ते जनावरासारखं जपत. फोटो काढायचा नसेल तेव्हा खटका चढवून ठेवू देत नसत. बैल रातंदिवस जुंपून ठेवला तर त्याची मान राहील का, असं विचारत. काचेवर तोंडाने फुंकर मारली की चिडत. "तोंडची वाफ अन् काच, दोघी सवती." पुसायला जुन्या धोतराचा सात वेळा धुतलेला तुकडा. आणि पेटीच्या कोपऱ्यात तांदळाची एक पुरचुंडी, हवेतली ओल शोषायला.

लढाईचे दिवस होते आणि फिल्म कुठे मिळत नव्हती. बापूंच्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. तो त्यांनी बायकोसाठी, अंजिरामायसाठी ठेवला होता. साऱ्या गावाचे फोटो काढले, पण घरच्या बाईला बसायला सवड झाली नव्हती. धान घरात आलं की नवं लुगडं नेसून बसेन, असं ती दरवर्षी म्हणे.

त्याच दिवसांत माझ्या आईचं पत्र आलं, भावाच्या हातचं. डोळ्यांवर जाळं चढत चाललंय, पोराला आणणं होत नसेल तर निदान फोटो धाड, डोळे आहेत तोवर बघते. माझा दत्तू दहा महिन्यांचा होता आणि आईने त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. पत्र मी अंजिरामायला वाचून दाखवलं. फोटोचं मात्र बापूंकडे बोलले नाही. एकच उरलाय, हे मला ठाऊक होतं.

मळणीच्या वेळी बापूंना चार दिवस केशोरीला पाहुण्यांकडे जावं लागलं. घरात सगळीकडे धुराळा, म्हणून कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं, आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. पुरचुंडीत मूठभर तांदूळ असतात, तर पोतंभर धान त्याहून चांगलं, असं माझ्या डोक्यात आलं. आमच्याकडे जोंधळा घरात येतो तोच खडखडीत वाळलेला. मी कॅमेरा कापडात गुंडाळला आणि आदल्या दिवशी मळून आलेल्या धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, कोपरभर खोल पुरला. चांगलं काम केलं म्हणून मला बरंही वाटलं.

बापू आले तेव्हा मी तो काढला. कापड ओलसर आणि कोमट लागलं. काच धुरकटली होती, आणि कॅमेऱ्याच्या कातडी भात्याच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. बापूंनी विचारलं, "नव्या धानात?" मी मान हलवली आणि पुरचुंडीचं सांगितलं. त्यांनी कॅमेरा उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाले, "ते तांदूळ भाजलेले राहतात, पोरी. नव्या धानाले घाम असते." ते स्वतः चुलीपुढे बसून तांदूळ भाजू लागले. रागावले होते की नव्हते, ते पाठीवरून कळत नव्हतं. मी दोनदा पाणी नेऊन दिलं, दोन्ही वेळा ते प्यायले.

तीन दिवस कॅमेरा थंड केलेल्या त्या तांदळांसोबत डब्यात राहिला. काच निवळली. आतली फिल्म बिघडली की नाही, ते उघडून बघता येत नव्हतं. जे काढायचं ते लवकर काढायला हवं, म्हणून बापूंनी अंजिरामायला अंगणात बोलावलं. ती आली ती लुगडं न बदलता, कडेवर माझा दत्तू घेऊन, आणि त्याला खाटेवर बसवून बाजूला झाली.

बापू म्हणाले, "तू बस ना व."

"मले तं तुम्ही चाळीस वर्सांपासून पाहूनच राहिले," अंजिरामाय म्हणाली. "त्या बुढीनं लेकराले एकदाही नाही पाहिलं. काढा मुकाट्यानं."

मी नको नको म्हणाले, पण किती जोराने म्हणाले ते मला आता आठवत नाही. बापूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दत्तूकडे, आणि खटका दाबला.

फिल्म गोंदियाला धुवायला गेली. फोटो आला तो कडांना ढगासारखे डाग घेऊन, पण मधोमध दत्तू स्वच्छ होता. मी तो लगोलग गावी धाडला. भावाचं उत्तर आलं: फोटो पोचला, पण आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिने फोटो डोळ्यांशी धरला, मग त्यावरून बोटं फिरवली आणि नाक कुणासारखं आहे ते विचारलं. भावाने सांगितलं, तुझ्यासारखं. तेव्हा फोटो पदरात धरून ती गल्लीभर फिरली आणि सगळ्यांना सांगत सुटली, मी नातू पाहिला.

हे बापूंना सांगायचा धीर मला झाला नाही, आणि पुढे लवकरच आमची बदली झाली. दोन वर्षांनी त्या बाजूने जाताना मी दत्तूला घेऊन सौंदडला उतरले. अंजिरामाय त्या वर्षीच्या माघात वारली होती. भिंतीवर तिचा फोटो नव्हता. असणार नाही हे ठाऊक असूनही मी भिंतीकडे पाहिलं. बापू खाटेवर बसले होते. त्यांनी खुशाली विचारली नाही, एकच विचारलं, "तुझ्या मायनं लेकरू पाहिलं का?"

खरं सांगायचं असं मी गाडीत शंभरदा ठरवलं होतं.

"पाहिलं," मी म्हणाले.

"मंग झालं," बापू म्हणाले आणि दत्तूला जवळ ओढून बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं. मी खोटं बोलले का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारते. 'पाहिलं' हा शब्द आईचाच होता. तिने गल्लीभर सांगितला तो मी बापूंच्या अंगणापर्यंत नेला, एवढंच. मग तो उच्चारताना मी खाली का पाहिलं, आणि बापूंनी पुढे एकही प्रश्न का विचारला नाही, ते मला अजून उमगलेलं नाही.