दरीत टाकलेलं नाणं

भंडाऱ्याच्या कॉलेजात मी जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलं. अमेरिकेतली ती महादरी मी पोरांना भिंतीवरच्या चित्रावरून दाखवायचो. तुमसरच्या गिरणीत धानाच्या पोत्यांची थप्पी लागते तसे हे थर, सर्वांत खालचं पोतं सर्वांत आधीचं, असं सांगायचो. कोलोरॅडो नदीने ती थप्पी वरपासून खालपर्यंत चिरली, म्हणून पृथ्वीचं एवढं मोठं वय उघड्यावर दिसतं. स्वतः मात्र मी नागपूरच्या पुढे फारसा गेलो नाही.

बायको गेल्यापासून अमेरिकेतला मुलगा एकच धोशा लावून होता, बाबा, इकडे या. मी दर वेळी उडवून लावायचो. म्हाताऱ्याची सोय लावायला निघालेत साहेब! रिकामं घर खायला उठायचं, पण ते माझं होतं.

एका सकाळी चहा गाळत होतो, तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती आणि तो दरीच्या काठावर उभा होता. चहा तसाच राहिला. मी म्हटलं, तळाचा खडक दाखव. त्यानं फोन खाली वळवला. आपल्या साकोलीकडे असतो तसा काळपट, पापुद्र्यांचा खडक, आणि त्याच्यावर थेट वाळूचा दगड. मधल्या कोट्यवधी वर्षांचे थर झिजून वाहून गेलेले. वर्गात हे मी दोन वाक्यांत सांगून मोकळा व्हायचो. त्या दिवशी म्हटलं, फोन जरा तिथंच धर.

मग त्यानं फोन कठड्याला टेकवला, हात जोडले आणि खिशातलं नाणं नदीकडे भिरकावलं. वैनगंगेच्या पुलावर गाडी आली की त्याची आई हेच करायची आणि मी तिला चिडवायचो, नदीले काय बाजार करायचा आहे? दरीवरचा पहारेकरी धावत आला. दरीत काही टाकायला मनाई आहे म्हणून त्यानं माझ्या एवढ्या मोठ्या मुलाला चांगलंच फैलावर घेतलं. मुलगा खाली मान घालून ऐकत होता.

पहारेकरी गेल्यावर मी विचारलं, "काहून टाकलं रे?"

"आईच्या नावानं." त्यानं कठड्यावरचा फोन उचलून हातात घेतला. "मले इथं करमत नाही, बाबा. रोज आईसंग बोलत होतो, तवर चालून जात होतं."

इतके दिवस मी समजत होतो, तो माझी काळजी करतोय. म्हटलं, "तिकीट काढ. येतो मी."

फोन ठेवला. एवढं मोठं ठरलं, आणि सांगायला घरात कोणी नव्हतं.