ताडी न पिता लाल डोळा

"आधी त्या डायवरला बसव. त्याचा डोळा फुटला नाय तं मंग मी."

पोशेऱ्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर व्हतं आणि मशीन बघून सोनूआजी खुर्चीत बसंना. शिबिराच्या गाडीचा डायवर मी. बसलो, दात काढले, लोक हसले. शिकलो नाय, पण तेवढं जमतं.

डॉक्टर मॅडमनी माझ्या डोळ्याचं प्रेशर घेतलं. परत घेतलं. त्या काय हसल्या नाय.

"हा डावा डोळा कधीपासून लाल आहे?"

"लय दिवस झाले."

"ताडीचा हाय तो!" सोनूआजी ओरडली.

ताडीला मी शिवत नाय, पोट बिघडतं. पण कोणाला पटंना. बायको तं रोज तोंडाचा वास घ्यायची. शेवटी मीच म्हणायला लागलो, हो, पितो. भांडण मिटलं, डोळा तसाच राह्यला. मॅडमला पण म्हणलो, "दोन मडकी."

"खरं सांगा."

"थेंब पण नाय, मॅडम."

त्यांनी समजावलं. डोळ्यात पाणी तयार होतं, ते बारीक शिरांतून निघून जातं, शेतातलं पाणी ओहळात जातं तसं. "तुमचा ओहळच तुंबलाय. वरच्या शिरा फुगल्यात, म्हणून डोळा लाल. पाणी आत तुंबून मागची नस दाबतंय. काचबिंदू आहे हा."

"पण मला दिसतं की."

"दुसरा डोळा सांभाळून घेतोय. गाडी आज मी चालवते."

घाटात मी पहिल्यांदा बाजूच्या सीटवर. उजवा डोळा हातानं झाकला, समोर बघितलं. रस्ता व्हता. स्टेरिंगवरचे मॅडमचे हात नव्हते. डावा झाकला, हात परत आले. परत उजवा झाकला, परत गेले. सकाळी ह्याच वळणांवरून मी सगळ्यांना घेऊन आल्तो. गाणं म्हणत.

"काय करताय?" मॅडमनी विचारलं.

"काय नाय. तुम्ही पुढं बघा."

डोक्यातल्या कशानं शिरा फुगल्यात का ते बघायला नाशिकला डोक्याचा स्कॅन झाला. बायको बाहेर पदर चावत बसलेली.

"डोक्यात काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"ते मला ठावं व्हतं," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

थेंबांनी प्रेशर उतरलं. गेलेली नजर येत नाय म्हणतात, उरलेली टिकवायची. थेंब जन्मभर. स्टेरिंग सुटलं. आता मी त्याच गाडीत म्हाताऱ्यांना हात देऊन चढवतो. लाल डोळ्याचा माणूस आला की किती पितो ते विचारत नाय, सरळ मशीनवर बसवतो. काचबिंदू पिणाऱ्याला पण होतो.