डाव्या हाताचा पेढा

माझ्या केसांच्या भांगामुळे माझ्या पुतणीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

यात भांगाची काही चूक नाही. तो बिचारा शाळेत असल्यापासून डाव्या बाजूला होता. आजूबाजूचे केस सोडून गेले तरी त्यानं जागा सोडली नव्हती. चूक माझी. परभणीत माझं बी-बियाणं आणि खतांचं छोटंसं दुकान आहे. पेरण्या उरकल्या की तिथं माश्यासुद्धा चौकशीपुरत्याच येतात. अशा दिवसांत शहाणा माणूस पोत्यावर आडवा होतो. मी नवा फोन घेतला आणि 'तुमच्या फोनमधल्या छुप्या करामती' अशा नावाचे व्हिडिओ बघायला लागलो. थोड्याच दिवसांत माझी खात्री झाली, की अख्ख्या गल्लीत फोन सगळ्यांकडं आहेत, पण अक्कल माझ्या एकट्याकडं आहे!

मग मी घरच्यांचे फोन सुधारायला घेतले. माझ्या बायकोच्या, म्हणजे मंगलच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून तिच्या फोनचा पडदा पिवळसर करून दिला. (तिला वाटलं आपल्याला कावीळ झाली. डॉक्टरकडं जाऊन आली, तेव्हा कळलं.) थोरल्या दादाला दिसत नाही म्हणून त्याच्या फोनमधलं अक्षर इतकं मोठं केलं, की पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावायचा. वर आणखी एक करामत चालू केली. पडद्यावर तीन टिचक्या मारल्या की चित्र मोठं!

"आन् परत बारीक कसं करायचं?" दादानं विचारलं.

"ते मी बघून सांगतो," मी म्हणालो. ते बघायचं राहूनच गेलं.

स्वतःच्या फोनमध्ये मला एकच गोष्ट खटकत होती. सेल्फीत माझा भांग भलत्याच बाजूला यायचा. चेहरा माझा, पण माणूस कोणी तरी दुसराच वाटायचा. शेवटी एका व्हिडिओत उपाय सापडला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक बारकं बटण होतं. ते चालू केलं की आपण आरशात दिसतो तशीच सेल्फी निघते. मी ते चालू केलं. भांग जागेवर आला. जीव शांत झाला.

दुसऱ्याच दिवशी आमच्या शीतलची सुपारी होती.

शीतल म्हणजे दादाची मुलगी. मुलगा सोनपेठकडचा, शेती बघून दुकान चालवणारा, आणि मुख्य म्हणजे शीतलला मनापासून आवडलेला. कार्यक्रम आमच्या घरीच, मोजक्या माणसांत होता. मुलाचे वडील अप्पा म्हणजे करडा माणूस. खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची हलवून बघणारा. आमचा दादाही काही कमी नाही. तो दूधवाल्यासमोर दूध तापवून बघतो. असे दोन संशयी जीव एका बैठकीत बसून, हसत हसत 'हो' म्हणाले, हाच मोठा चमत्कार होता.

कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच मी जाहीर करून टाकलं, "कोणी फोटो काढू नका. माझ्या फोनचा कॅमेरा लय भारी हाय. मी सगळ्यांना पाठवतो."

सुपारी फुटली. दादानं अप्पांना आणि अप्पांनी दादाला एकाच वेळी पेढा भरवला. मी पुढं घुसून हात लांब केला आणि सेल्फी घेतली. पुढं मी, मागं पेढा भरवणारे दोन व्याही आणि त्यांच्या मागं नथ घालून हसणाऱ्या व्याहीणबाई. संध्याकाळी दोन्ही घरांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

कौतुक आलं नाही. दादा आला. फोन हातात धरून, पाय आपटत.

"बाळ्या, हे बग!"

मी पाहिलं. दादानं तीन टिचक्या मारल्या होत्या. पडदाभर नुसता एक हात दिसत होता. केसाळ, अंगठीवाला, बोटांत पेढा धरलेला.

"कोनाचा हात हाय ह्यो?"

"अप्पांचा."

"कोणता?"

मी नीट पाहिलं. डावा!

"मुलीच्या बापाला डाव्या हातानं पेढा!" दादानं परत पाय आपटला. "भर बैठकीत मांडीला मांडी लावून बसलो, आन् ह्यानं माझी इज्जत काढली. मला तवाच शक आला होता. पेढा गिळताना कसंतरीच झालं!"

"न्हाई दादा, उजवाच असंल."

"मग फोटो काय खोटं बोलायलाय?"

फोटो मीच काढलेला, कॅमेराही माझाच, लय भारी.

मंगल आतून आली, फोटो बघितला (तिच्या पिवळ्या पडद्यावर अप्पा आणखीच आजारी दिसत होते) आणि म्हणाली, "हाव की. मला आठवतंय. डावाच होता. मी म्हनलं बी असतं, पन चांगल्या कामात कशाला बोला?" शेजारची एक काकू तर कार्यक्रमाला आलीच नव्हती. तिलाही आठवत होतं!

शीतल दारात उभी राहून ऐकत होती. "आबा, आसं न्हाई करणार ते," एवढंच ती बापाला म्हणाली. दादानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. मी ठरवलं, हे प्रकरण आपणच मिटवायचं. आपल्याकडं करामती आहेत!

मी कोपऱ्यात बसून फोटो उघडला. आता मला दिसलं, की दादाच्याही डाव्याच हातात पेढा आहे. म्हणजे दादानंही तिथल्या तिथं उट्टं काढलं होतं की काय! सख्ख्या भावावर माझा संशय बळावला. पण त्याला विचारायची छाती नव्हती. नको ती वस्तू फोटोतून पुसायची सोय माझ्या फोनमध्ये होती. पेढाच नसला तर भांडण कशाचं? मी दोन्ही पेढ्यांभोवती बोटानं गोल काढले आणि बटण दाबलं.

पेढे गेले. हात राहिले. दोन व्याही आता एकमेकांच्या थोबाडावर हात ठेवून उभे होते. तोंडं उघडी, डोळे मोठे, आणि मागं व्याहीणबाई आनंदानं हसत होत्या! त्यात पुसलेली जागा भरून काढताना फोननं स्वतःच्या मनानं दादाला एक जादा बोट दिलं होतं.

'वातावरण हलकं करावं' म्हणून मी खाली रंगीत अक्षरांत मजकूरही टाकला, 'गोड क्षण'. तो फोटो फक्त मंगलला दाखवायला पाठवला, पण चुकून तो गेला ग्रुपवर.

पटकन त्यावर बोट दाबून धरलं, पहिला पर्याय दिसला, 'माझ्यासाठी हटवा'. म्हटलं, माझ्यासाठीच तर हटवायचाय! हटवला. माझ्या फोनमधून फोटो गेला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि चहा मागितला. बाकी सगळ्यांच्या फोनमध्ये दोन व्याही एकमेकांना थोबाडत राहिले.

सकाळी अप्पांचा फोन आला, थेट मला.

"बाळासाहेब, मला एक सांगा. तुमच्या भावानं मला डाव्या हातानं पेढा कामून भरवला?"

"अप्पा, तसं न्हाई..."

"मी तरी गप बसलो होतो. म्हनलं, असंल गलती. तर तुमी दुसरा फोटो टाकला. त्यात पेढाच न्हाई, थापड हाय! आन् खाली लिव्हायलेत, गोड क्षण! आमी काय खुळे हावोत का?"

मी काही तरी सारवासारव करणार, तेवढ्यात अप्पांनी खरा बॉम्ब टाकला.

"आन् त्या ग्रुपवर आपलं जे काय ठरलं होतं, तारीख, मंडप, दोन्हीकडचं जेवन, ते सगळं गायब कसं झालं? एका रात्रीत? मुलगी द्यायची न्हाई तर तोंडावर सांगा. पुरावे कशाला पुसायलेत?"

फोन ठेवल्यावर मला आठवलं. फोनमधली जागा वाचवायला त्या ग्रुपचे मेसेज एका दिवसानं आपोआप नाहीसे होतील, असं सेटिंग मीच करून ठेवलं होतं. तारीख गेली, मंडप गेला, जेवण गेलं. गायब व्हायला हवे होते ते दोन फोटो मात्र सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये जपून ठेवले होते!

दुपारी शीतल दुकानात आली. "काका, ते फोन उचलेनात. त्यांच्या घरी म्हणायलेत, सुपारी परत करायची." तिचे डोळे भरले होते. माझ्या मांडीवर वाढलेली पोर. त्या क्षणी तो फोन खताच्या पोत्यात पुरून टाकावा असं वाटलं.

आणि रविवारी अप्पा आलेच. जीप दारात थांबली. अप्पा उतरले, मागून व्याहीणबाई उतरल्या, हातात पिशवी. पिशवीत आम्ही दिलेली साडी असणार, हे न सांगता कळलं.

बैठक भरली. मंगलनं चहा ठेवला. अप्पांनी कप बघितला, मंगलकडं बघितलं आणि विचारलं, "साखर कोणत्या हातानं घातली?"

"हे बगा अप्पा," दादा म्हणाला, "तुमी डाव्या हातानं पेढा भरवला. फोटो हाय माझ्याकडं."

"मी? तुमी भरवला डाव्यानं! फोटो माझ्याकडं बी हाय!"

दोघांनी आपापले फोन एकमेकांच्या नाकापुढं धरले. फोटो एकच. पण दादाला त्यात फक्त अप्पांचा हात दिसत होता आणि अप्पांना फक्त दादाचा. स्वतःचा हात बघायची गरज दोघांनाही वाटली नाही.

"मग करून दाखवा!" अप्पा गरजले.

बशीतली बिस्किटं उचलून दोघं उभे राहिले आणि एकमेकांच्या तोंडापर्यंत हात नेले. दोन्ही हात उजवे.

"आता कसा उजवा निघाला!" दादा ओरडला.

"तुमचा बी आजच निघायलाय!"

बिस्किटं हवेतच थांबली. कोणी खाईना, कोणी खाली ठेवीना. शीतल आतल्या दाराची चौकट घट्ट धरून उभी होती. व्याहीणबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि गाठ सोडायला लागल्या. मग मध्येच थांबून म्हणाल्या, "माझ्याकडं बटनाचा फोन हाय. मी तर फोटो बगितलाच न्हाई. एकदा बगू तरी द्या, कशापायी मोडायलेत."

अप्पांनी त्यांना फोन दिला. व्याहीणबाईंनी ना अप्पांचा हात पाहिला, ना दादाचा. कोणीही बाईमाणूस बघेल तसं त्यांनी आधी स्वतःला पाहिलं. आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं बया! माझी नथ ह्या नाकपुडीत कशी गेली?"

सगळे फोनकडं वाकले.

"आन् पदर? उजव्या खांद्यावर? मी कवा आसा पदर घेतला? जन्मात न्हाई!"

अप्पांनी फोन हिसकावून घेतला. बायकोकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, परत बायकोकडं. नथ डावीकडं. फोटोत उजवीकडं. दादानं माझ्या शर्टाकडं बघितलं. खिसा डावीकडं. फोटोत तोही उजवीकडं. मग सगळ्या बैठकीनं हळूहळू माझ्याकडं मान वळवली. एवढ्या माणसांनी एकाच वेळी माझ्याकडं पाहिलं ते माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

शीतल पुढं आली. "काका, फोन द्या."

मी दिला. तिनं सेटिंग उघडलं. "काका, हे आरशाचं बटण तुमी चालू केलंय?"

"हो."

"कशासाठी?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. मी डोक्याकडं बोट दाखवलं. "केसांचा भांग... उलटा दिसायचा."

अप्पा माझ्या डोक्याकडं निरखून बघत होते. शेवटी ते म्हणाले, "पाव्हणे, तिथं भांग पाडायला हाय काय?"

पहिल्यांदा व्याहीणबाई हसल्या. मग मंगल. मग दादा असा हसला, की अप्पांसाठी धरलेलं बिस्किट त्यानं स्वतःच खाल्लं. शीतलनं फोटो सरळ करून सगळ्यांना दाखवला. दोन उजवे हात, दोन पेढे, नथ जागेवर, पदर जागेवर. व्याहीणबाईंनी पिशवीची गाठ परत बांधली. शीतल आत पळाली, आणि आतून तिच्या फोनवर बोलण्याचा आवाज आला. त्या आवाजानं माझ्या छातीवरचा दगड उतरला.

लग्न थाटात झालं. माझ्या फोनला मंडपात बंदी होती. पंगतीच्या वेळी अप्पा सगळ्यांदेखत माझ्यापुढं आले आणि त्यांनी दोन्ही हातांत एक एक पेढा घेऊन दोन्ही माझ्या तोंडात कोंबले. "घ्या बाळासाहेब! आता उलटा करा न्हाईतर सुलटा!"

तेव्हापासून मी फोनच्या सेटिंगला हात लावत नाही. आता माझ्या सेल्फीत सगळं सरळ येतं, एक भांग सोडून. त्यावरही उपाय काढला. फोनचं नाही, डोक्याचंच सेटिंग बदललं. भांग दुसऱ्या बाजूला पाडतो. फोटोत मी आता अगदी मीच दिसतो. फक्त रोज सकाळी आरशात एक अनोळखी माणूस उभा असतो. मी त्याच्याकडं संशयानं बघतो, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत भांग पाडतो.

तेही डाव्या हातानं!