गिळण्याची तपासणी

सध्याचं पोस्टिंग तळेगावजवळच्या आंबीत. एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर, ड्युटी ०७०० ते १५००. त्याआधी चोवीस वर्षं इन्फंट्रीत होतो, नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. एवढ्या सर्व्हिसमध्ये तापासाठीसुद्धा कधी सिक रिपोर्ट केला नव्हता. त्यामुळे घास अडकायला लागला तेव्हा ते मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही.

आधी भाकरी छातीत अडायची. पाण्याचा घोट घेतला की उतरायची. मग भातही अडायला लागला. पुढे पाणीच उलटून वर यायला लागलं. आडवा झालो की जेवलेलं तोंडात यायचं, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायचो. वजन चौऱ्याहत्तर किलोवरून अठ्ठावन्नवर आलं. डबा गेटवरच्या कुत्र्यांना घालून रिकामा घरी न्यायचो. बेल्टला खिळ्यानं तीन नवी भोकं पाडली होती. ती एके दिवशी माझ्या बायकोला, सुशीलाला दिसली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात फोन करून तिनंच माझी रजा टाकली.

तळेगावच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं. गाठ नव्हती. तरी घास का उतरत नाही हे त्यांना कळेना. त्यांनी पुण्याच्या एका स्पेशालिस्ट बाईंकडे चिठ्ठी दिली. अन्ननलिका अन्न खाली कसं ढकलते, एवढंच त्या तपासतात, असं सांगितलं.

अपॉइंटमेंट ११३० ची होती. आम्ही तळेगावहून लोकल धरली आणि १०५० ला पोचलो. सकाळपासून काही खायचं-प्यायचं नव्हतं. तपासणी साधी होती. नाकातून एक बारीक नळी पोटापर्यंत घालायची, उताणं झोपायचं. टेक्निशियन पिचकारीनं तोंडात चमचाभर पाणी सोडणार, तो 'गिळा' म्हणाला की एकदाच गिळायचं. असं दहा वेळा. मधल्या वेळात थुंकीसुद्धा गिळायची नाही.

तीन वेळा नीट झालं. चौथ्यांदा पिचकारी ओठाला लागली, पाणी ओठांवर सांडलं, आणि मला एकनाथ दिसला.

नाईक एकनाथ ढोरे माझ्याच सेक्शनचा, नाणे मावळातला. मी तेव्हा हवालदार, सेक्शन कमांडर होतो. उत्तरेत डोंगराच्या एका धारेवर आमची पोस्ट होती. नोव्हेंबर महिना, गुडघाभर बर्फ. पेट्रोलवर आम्ही आठ जण निघालो. १४२० ला फायर आला. आम्ही आडोसा घेतला, उलट फायर केला, दहा मिनिटांत समोरचं थंड झालं. एकनाथच्या पोटात गोळी होती. फील्ड ड्रेसिंगची पट्टी बांधली आणि मी वायरलेस सेटवर रिपोर्ट दिला. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. स्ट्रेचर पार्टीला पाच तास लागणार होते.

त्यानं पाणी मागितलं. मी बटालियनच्या डॉक्टरांना, आरएमओ साहेबांना सेटवर विचारलं.

"पानी नहीं देना है. सिर्फ होंठ गीले करो. ओव्हर."

"रॉजर. आउट."

माझी बाटली भरलेली होती. छातीशी, जॅकेटच्या आत ठेवल्यामुळे गोठलेली नव्हती. एकनाथला ती दिसत होती. रुमाल भिजवून मी त्याच्या ओठांवर फिरवायचो, तो रुमाल दातात धरायचा, मी ओढून घ्यायचो. ऑर्डर ऑर्डर असते. स्ट्रेचर पार्टी १९३० ला पोचली. एकनाथ १८५५ ला गेला होता.

टेबलावर मी हात वर केला. टेक्निशियननं मशीन थांबवलं. डॉक्टर बाई स्टूल ओढून बसल्या. नाकात नळी होती तशीच, मी त्यांना हे सगळं सांगितलं. सुशीला दाराशी उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं. मी डॉक्टरांना म्हणालो, ही मला मिळालेली शिक्षा आहे असं मी धरून चाललो होतो. म्हणून इतके दिवस आलो नाही.

त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, "पोटात गोळी लागलेल्या माणसाला पाणी देत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं. आणि या आजाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. अन्ननलिकेच्या तळाशी एक झडप असते. घास आला की ती उघडायला हवी. तुमची उघडत नाहीये. याला उपाय आहे."

उरलेले घोट मी गिळले. आजाराचं नाव अकालेशिया निघालं. दोन आठवड्यांनी त्यांनी दुर्बिणीतूनच त्या झडपेचा आवळलेला स्नायू कापला. तिसऱ्या दिवशी मी घोटभर पाणी प्यायलो. ते सरळ खाली गेलं.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ही शिक्षा नव्हतीच, म्हणजे फिटलं काहीच नव्हतं. कारण डॉक्टरांना मी अर्धंच सांगितलं होतं.

एकनाथ गेल्यावर महिन्यानं मी सुट्टीवर आलो, तेव्हा त्याच्या आईला, भागूमावशींना भेटायला गेलो होतो. त्यांनी एकच विचारलं होतं, "लय तरास झाला का रे त्याला?" मी म्हणालो, "न्हाई मावशी. लगीच गेला." पेन्शनवर आल्यापासून दर दिवाळीला मी त्यांच्याकडे जातो. त्या जेवायला वाढतात, मी जमेल तेवढं जेवतो. ते वाक्य मी कधी बदललं नाही.

महिनाभरानं ताकद आल्यावर सुशीलाला घेऊन कामशेतला उतरलो, तिथून जीपनं त्यांच्या गावी गेलो. दुपारची वेळ होती. मावशी आता ऐंशीच्या पुढच्या, ओटीवर बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं. वेळांसकट. पाण्याचंही.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग एवढा येळ काय बोलत हुता?"

"भात कापून झाला असंल का, असं दोनदा इचारलं. आई एकटीच कापत असंल म्हणला."

"आनि?"

"भ्या वाटतंय म्हणला. माझा हात धरून हुता."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "त्या दिशी मी खालच्या खाचरात कापतच हुते. हे सगळं माजं हुतं रं. तू का ठिवून घेतलंस?"

निघताना त्यांनी पुन्हा ये म्हटलं नाही. आठ दिवसांनी त्यांच्या पुतण्याच्या मोबाइलवरून फोन आला. मावशी होत्या. म्हणाल्या, पहिल्यापासून परत सांग. मी सांगितलं. तेव्हापासून दर आठवड्याला सांगतो. कधी कधी त्या मधेच थांबवतात आणि विचारतात, हात गरम होता का गार.

नाईक एकनाथ ढोरे, वय सत्तावीस. तो लगेच गेला नाही. चार तास पस्तीस मिनिटं जिवंत होता, शुद्धीवर होता, आणि घरचं बोलत होता.